राजाज्ञा हे कारण नव्हे

१५ जून १२१५ रोजी रनीमीडच्या कुरणात इंग्लंडच्या जॉन राजाने जी महासनद मान्य केली, ती जनतेची सनद नव्हती. बंडखोर उमरावांनी आपल्या जमिनी व वारसाहक्क राखण्यासाठी ती राजाकडून वसूल केली होती. तिच्या ३९व्या कलमातील ‘स्वतंत्र मनुष्य’ या संज्ञेत जमिनीला जखडलेला भूदास बसत नव्हता. पोपने तर अवघ्या दहा आठवड्यांत ती रद्दबातल ठरविली. तरीही बरोबरीच्यांच्या न्यायनिर्णयावाचून अथवा देशाच्या कायद्यावाचून कोणाला बंदिवासात टाकता येणार नाही, हे त्या कलमातील वचन उमरावांच्या मालकीचे राहिले नाही.

ते वचन १६२७ साली कसोटीला लागले. युद्धासाठी पार्लमेंट पैसा देईना, म्हणून पहिल्या चार्ल्स राजाने सक्तीचे कर्ज उभारले. नकार देणारे तुरुंगात गेले. त्यांपैकी पाच सरदारांनी, कैदेचे कारण न्यायालयापुढे यावे म्हणून, बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. उत्तर आले : राजाच्या खास आज्ञेवरून. अपराध सांगितलाच नाही. सांगितला असता तर खटला चालवावा लागला असता, आणि राजाला कर्ज न देणे हा अपराध कोणत्याच कायद्यात नव्हता! न्यायाधीशांनी कैद्यांना जामीन नाकारला. त्यांना कायदा ठाऊक नव्हता असे नव्हे. हे कर्ज कायदेशीर म्हणावयास नकार देणारे सरन्यायाधीश क्रू आदल्याच वर्षी पदच्युत झाले होते, हेही त्यांना ठाऊक होते.

पुढच्या वर्षी पार्लमेंट भरले. पूर्वी सरन्यायाधीशपदावरून दूर केलेले, शहात्तर वर्षांचे एडवर्ड कोक यांनी महासनदेचाच आधार घेतला. कारण दाखविल्यावाचून कोणालाही कैदेत ठेवू नये, असे बजावणारे हक्कांचे निवेदन राजाने ७ जून १६२८ रोजी मान्य केले. वर्ष पुरे होण्याआधीच त्याने पार्लमेंट मोडले. निवेदनासाठी झुंजलेले जॉन इलियट कैदेत पडले आणि १६३२ साली लंडनच्या टॉवरमध्येच वारले. राजाच्या मान्यतेची किंमत ही! १६७९च्या कायद्याने टाळाटाळ करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला १०० पौंड, आणि न्यायालयाच्या सुटीत आदेश नाकारणाऱ्या न्यायाधीशाला ५०० पौंड दंड ठेवला, तेव्हा कुठे त्या हक्काला दात आले.

हिंदुस्थानात इंग्रजांनी हे दात काढून ठेवले होते. १८१८च्या रेग्युलेशनखाली लाला लजपत राय यांना १९०७ साली खटल्याविना मंडालेस धाडण्यात आले. स्वतंत्र भारताच्या घटनेने बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क दिला. पण त्याच घटनेच्या २२व्या कलमात खटल्याविना स्थानबद्धतेलाही जागा ठेवली. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मिसाखालील बंद्यांना दादच मागता येणार नाही असा चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला. ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. पुढे सेवाज्येष्ठता डावलून त्यांचे सरन्यायाधीशपद हुकविण्यात आले. सरन्यायाधीश क्रू यांची आठवण येथे अपरिहार्य आहे.

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तरतूद केली. १९७६चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच चुकीचा ठरविला. मात्र सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारे कलमही त्याच दुरुस्तीत होते. संसदेने ते संमत केले. अंमल सुरू करण्याची तारीख ठरविणे सरकारच्या हाती राहिले. ती अधिसूचना अद्याप निघालेली नाही.