छापायचं कुणासाठी?

व्यासपीठावरचे फादर, सिस्टर्स, लेखक मित्रहो, आणि मागे पंख्याखालची जागा धरून बसलेल्या माझ्या वसईकर मावश्यांनो,

आपल्या प्रकाशनगृहाच्या ध्येयधोरणांवर चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला या सभेचा अध्यक्ष केलंत. चूक तुमची आहे.

मघाशी मी मागची खोली उघडायला लावली. मिस्सेच्या झग्यांच्या कपाटाशेजारी आपल्याच पुस्तकांचे गठ्ठे आहेत. एक सोडायला गेलो, तर सुतळी हातात तुटली. खालच्या प्रतींना ओल लागून पानं चिकटलीत. या पुस्तकाला याच मांडवात शाल, श्रीफळ, फोटो सगळं झालं होतं. तुम्ही त्याला प्रकाशन म्हणता. मी छपाई म्हणतो.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला, हे सांगून आपण दर वर्षी टाळ्या घेतो. पुढचंही सांगा ना! मूळ इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि जवळपास ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावं. ख्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कुणाला ठाऊक नाही. पुराण वाचलं ते भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे.

आता आपली यादी काढा. नोव्हेना, संतचरित्रं, सणाच्या स्मरणिका. स्मरणिकेत मजकूर कमी, बिल्डरांच्या जाहिराती जास्त. प्रार्थनापुस्तकं हवीतच, माझी आई त्यांवरच अक्षरं शिकली. पण भाऊबंदकी, दारू, विकलेली वाडी, बुजवलेली बावखलं-तळी, परदेशी गेलेल्या पोरांच्या मागे उरलेली म्हातारी माणसं, हे कोण छापणार? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिक चालवताना हिरवी वसई वाचवण्याचा लढा अंगावर घेतला. त्यांचं ‘सुबोध बायबल’ काढलं कुणी, तर पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने. त्यात कमीपणा नाही. पण घरचं पीक दुसऱ्याच्या खळ्यावर का गेलं, हे विचारायला नको?

माझीही एक जखम आहे. वाडी विकणाऱ्या एका धर्मग्रामस्थाची गोष्ट मी एका संपादकांकडे दिली होती. ती परत आली, वर शेरा : ‘श्रद्धेला बाधा येईल.’ अहो, श्रद्धा काय लाजाळूचं पान आहे? रोमने बंदी घातलेल्या ग्रंथांची यादी १९६६ मध्ये मोडीत काढली. आपण ती मनात जपून ठेवलीय. १९८३ ची धर्मसंहिता बायबल, प्रार्थनापुस्तकं, धर्मशिक्षणाची पुस्तकं यांना बिशपांची संमती मागते. कथा-कादंबरीला कुठे मागते? मग आपल्या लेखकाच्या मानगुटीवर बसलेला हा बिनपगारी सेन्सॉर नेमला कुणी?

म्हणून माझ्या तीन मागण्या लिहून घ्या. पहिली : मानधन घेणारा, पण लेखकाच्या तोंडावर ‘पुन्हा लिहा’ म्हणणारा संपादक नेमा. देणगीदाराची कविता असली तरी. दुसरी : सामवेदी, वाडवळी या आपल्या बोलींना ‘शुद्ध’ करू नका. आजीच्या तोंडी पुण्याची भाषा घातलीत, तर आजी मेली समजा. तिसरी : फुकट वाटप बंद. पाहुण्याला दिलेली प्रत शोकेसमध्ये जाते, पदरचे पैसे मोडून घेतलेली उशाशी.

आणि पुस्तक छापायला घेण्याआधी एकच प्रश्न विचारा. उद्या छापखाना बुडाला, गठ्ठ्यांना वाळवी लागली, भाषेवर फर्मान निघालं, तर हे पुस्तक हाताने उतरवून घ्यायला दिव्यापाशी कुणी बसेल का? ‘हो’ म्हणता येत असेल तर कर्ज काढून छापा. नसेल, तर मागच्या खोलीत आता जागा नाही.