घराची खिडकी बदलताना

आज आपण घराच्या खिडकीविषयी बोलू. खिडकी म्हणजे घराचे नाक आणि डोळे. नाक चोंदले की माणूस गुदमरतो. घराचेही तसेच आहे.

१९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. त्याच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावे गेली. आमचेही गाव गेले. जुने घर सोडताना वडिलांनी बाभळीच्या खिडक्या काढल्या, बैलगाडीत घातल्या आणि नव्या गावठाणात आणून बसवल्या. त्या खिडक्यांनी आम्हांला पुष्कळ वर्षे वारा दिला. मग त्यांना वाळवी लागली. बोट लावले की भुगा पडे.

खिडक्या बदलायच्या ठरल्या. एका दुकानात प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खिडक्या पाहिल्या. चकचकीत होत्या, स्वस्त होत्या. आम्ही घेऊन टाकल्या. दोन उन्हाळे गेले आणि त्या पिवळ्या पडल्या. चौकट वाकली. झडप सरकेना. पावसात पाणी आत आले आणि ज्वारीचे पोते भिजले. दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "गुरुजी, पावतीवर हमी कुठं लिहिलीय?" खरेच लिहिली नव्हती! जन्मभर आम्ही मुलांना वाचायला शिकवले आणि स्वतःची पावती न वाचता खिशात घातली.

म्हणून आमचे पैसे गेले, तसे तुमचे जाऊ नयेत.

या चौकटी कडक पीव्हीसीच्या असतात. आपल्या शेतातला पाण्याचा पाइप त्याच जातीचा. तो उन्हात उघडा पडला की ठिसूळ होतो, हे तुम्ही जाणता. खिडकीच्या चांगल्या मालात ऊन सोसणारी द्रव्ये घातलेली असतात. अशा चौकटीला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही, रंग द्यावा लागत नाही. पण माल चांगला हवा.

तो कसा ओळखावा? चौकटीचा कापलेला तुकडा मागा. आत कप्पे आहेत का? मोठ्या खिडकीच्या चौकटीत पोलादी पट्टी आहे का? कोपरे तापवून एकजीव केलेले आहेत का? काचेभोवती रबरी पट्टी आणि खाली पाणी जायला भोके आहेत का? हे सारे डोळ्यांनी पाहा.

सरकती खिडकी जागा अडवत नाही, पण एका वेळी निम्मीच उघडते. दाराप्रमाणे उघडणारी पुरी उघडते. चुलीजवळ धूर असतो, तिथे पुरी उघडणारी बरी.

आपल्याकडे बारामती-इंदापुरात पाऊस थोडा, ऊन फार. वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. पण एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा आत येऊन जाणार कुठे? समोरच्या भिंतीलाही वाट ठेवा. काचेतून ऊन आत येतेच, म्हणून खिडकीवर सज्जा हवा. डासांसाठी जाळी लावा. चोरासाठी लोखंडी गज हवेतच. प्लॅस्टिक चोराला अडवीत नाही.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा. उंचीही तीनदा मोजा. सर्वांत लहान माप धरा. मग दोरीने दोन्ही तिरकी अंतरे मोजा. ती सारखी नसतील तर भोक वाकडे आहे. आधी गवंड्याला बोलवा.

आता पावती. मापे, मालाचे नाव, किंमत, बसवणावळ, हमीची वर्षे, हे सारे तीवर लिहून घ्या. दुकानदाराची सही घ्या. मग घरी नव्हे, दुकानातच एक-एक अक्षर वाचा. कुणी घाई केली तरी वाचा. तुम्ही आता वाचू शकता, बाबांनो! ही विद्या अशाच वेळी कामाला येते.

आणखी दोन गोष्टी. जुने लाकूड धड असेल तर ते दुरुस्त करा, उगीच बदलू नका. कर्ज काढून साऱ्या खिडक्या एकदम बदलू नका. आधी चुलीच्या खोलीची बदला. आणि उरलेले प्लॅस्टिकचे तुकडे चुलीत घालू नका. त्यांचा धूर विषारी असतो.

घरात उजेड यावा, वारा यावा, पण कष्टाचा पैसा खिडकीतून बाहेर जाऊ नये. इतके सांगून आम्ही थांबतो.