प्रॉव्हिडंट फंड आणि वरचा मजला



फंडाची उचल हाती आली की सिडकोतल्या घरावर मजला चढवावासा वाटतो. आम्हीही चढवला. गवंड्याशी फरशीवर आठ दिवस घासाघीस केली. पाया ओझे पेलेल काय, हे विचारायचे राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत तडकली. म्हातारपणची पुंजी गेली. फरशी मात्र चकचकीत आहे!

आपला बीबी-का-मकबरा पाहा. संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधे काळा दगड, त्यावर चुन्याचा गिलावा. ताजची नक्कल म्हणून हसणारे हसोत, पण थैली पाहून बांधलेले ते काम आजही उभे आहे.

हल्ली वाळूजचे कामगार सल्ल्याला आले की आम्ही आधी इंजिनिअरचा कागद मागतो. काही रागावून जातात. त्यांतले चौघे कागद घेऊन परत आले.