अम्मीचा कंदील

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध महिन्याचं बिल भरण्यापुरता. तरी गेल्या वर्षी मी एक यंत्र तयार केलं. ते का केलं हे सांगायचं तर नोव्हेंबर २००९ मध्ये जावं लागेल.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका मोहल्ल्यात. अब्बांची होडी पुढे धाकट्या भावाकडे गेली. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं, तेव्हा भाऊ दर्यात होता. अम्मी दोन रात्री रेडिओजवळ बसून राहिली. बातम्या संपल्या की गाणी, गाणी संपली की नुसती खरखर. तिनं बटण फिरवलं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ आला, भलत्याच बंदरात होडी लावून, एसटीनं. शेजारच्या घरातला माणूस आला नाही. त्यावर मी एक कविता लिहिली होती. ती अम्मीला वाचून दाखवायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आता अम्मीला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आणलं, तर त्यातून जगभरची भांडी वाजतात म्हणते. रेडिओ उशाशी असतो, पण तिच्यापुरता मुका. भाऊ निघाला की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, “हवा कशी हाय?” आणि उत्तर ओठांवरून ओळखू पाहते. मला वाटलं, कानांना नाही तर डोळ्यांना सांगावं.

माळ्यावर अब्बांचा होडीवरचा कंदील होता. काच शाबूत, तळ गंजलेला. त्यात वातीच्या जागी बारा एलईडींची एक कडी बसवली. यातला प्रत्येक दिवा लाल, हिरवा, निळा होऊ शकतो आणि बाराही जणांना हुकूम एकाच तारेतून जातो. खाली हवेचा दाब मोजणारा सेन्सर. हा तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्याच्या आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. हवा दाबेल तसा तो वाकतो, आणि तेवढ्या वाकण्यानं विजेचा अडथळा बदलतो. पहिला सेन्सर मी जाळला. त्याला ३.३ व्होल्ट लागतात, मी ५ दिले. डिप्लोमाला असलेला मुलगा म्हणाला, “अब्बा, आधी वाचायचं, मग जोडायचं.” कवितेत मी नेमकं उलटं करत आलो.

दाब मोजणाऱ्या जुन्या विलायती घड्याळांवर ‘पाऊस’, ‘बदल’, ‘स्वच्छ’ असे शब्द छापलेले असतात. ते तिकडच्या हवेचे. आपल्याकडे हिवाळ्यात दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कल आणि ऐन पावसाळ्यात १००४-०५ च्या आसपास. म्हणजे कोकणात आभाळ फाटलेलं असताना ते घड्याळ ‘बदल’ आणि ‘स्वच्छ’ यांच्या मध्येच घुटमळेल, ‘पावसा’पर्यंत पोचणारच नाही. म्हणून मी आकडा सोडून दिला आणि दाब किती उतरला एवढंच दाखवायचं ठरवलं. उतार नसेल तर निळा, थोडा उतरला तर पिवळा, झपाट्यानं उतरला तर लाल.

आणि तिथंच फसलो. रोज दुपारी कंदील पिवळा होऊ लागला. बाहेर लख्ख ऊन, आत पिवळा कंदील. अम्मीनं भावाची चप्पल लपवली. तो माझ्यावर चिडला आणि दोन दिवसांचा धंदा बुडाला म्हणून वहिनीही. मी सेन्सरला दोष देत होतो. दोष माझ्या अज्ञानाचा होता. दर्याला जशी भरती-ओहोटी, तशी हवेलाही असते. उन्हानं वातावरण तापतं, त्यातून उठणाऱ्या लाटेमुळे आपल्या पट्ट्यात दाब सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. सकाळ ते दुपार हा उतार तीनेक हेक्टोपास्कलचा. जन्मभर खाडीकाठी राहून डोक्यावरची ही ओहोटी मला ठाऊक नव्हती.

उपाय सोपा निघाला. आत्ताचा दाब कालच्या याच वेळच्या दाबाशी ताडायचा. हवामान खात्यातही चोवीस तासांतला फरक पाहतात. वीज गेली की कंदील कालचं विसरतो, म्हणून बॅटरी जोडली. तरीही विसरलाच तर चोवीस तास पांढरा राहतो, म्हणजे ‘मला माहीत नाही’ म्हणतो. परीक्षा घेताना सेन्सर बरणीत ठेवून तोंडानं हवा ओढली. बाराही दिवे लाल झाले. अम्मी हसली, बऱ्याच दिवसांनी.

भावाला मी बजावून ठेवलंय, कंदील निळा असला तरी खात्याचा इशारा आला की होडी सोडायची नाही. वादळ लांब असताना या कंदिलाला त्याचा पत्ताही नसतो. तो मानतो. अम्मी पहाटे उठते, वजू करते, कंदील बघते आणि मग भावाच्या हातात डबा देते.

परवा तिनं मला खुणेनं बोलावलं. “हा परत कधी येईल, ते सांगतो काय हा?”

मी मान हलवली, नाही.

तिनं पदरानं काच पुसली आणि कंदील खाडीकडच्या खिडकीत सरकवला.