रात्री साडेनऊची धमकी

‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा तोडण्यात येईल. ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ खाली एक दहा आकडी मोबाइल नंबर. २०२२ साली महाराष्ट्रात असे एसएमएस घरोघरी येऊ लागले आणि महावितरणला ग्राहकांना सावध करावे लागले.

शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून हा मजकूर जरा निरखून पाहिला. ‘प्रिय ग्राहक’ म्हणतो, पण नाव नाही, ग्राहक क्रमांक नाही, थकबाकी किती तेही नाही. वेळ मात्र नेमकी! तोवर कचेरी बंद झालेली असते, मग विचारायचे कुणाला? घरात आजारी माणूस असला, मुलाची परीक्षा असली, की अंधाराच्या नुसत्या कल्पनेनेच हात फोनकडे जातो.

खरे तर २००३ च्या वीज कायद्यातील कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ त्यात बसतच नाही. शिवाय महावितरणचा एसएमएस कंपनीच्या नावाने येतो, कुणाच्या खासगी नंबरावरून नव्हे.

त्या नंबरावर फोन केलात तर पलीकडचा माणूस फार अदबीने बोलतो. एक अ‍ॅप घ्यायला लावतो आणि फक्त दहा रुपये भरायला सांगतो. दहा रुपयांचे कुणाला काय वाटणार? पण त्या अ‍ॅपमधून तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला दिसत असतो. दहा रुपये भरताना तुम्ही टाकलेली माहिती, आलेला ओटीपी, सारे तो वाचतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांना नातवाने असाच एसएमएस वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “जाऊ दे लाइट, कंदील आहे घरात. सकाळी वायरमनला विचारू.” रात्री दिवे चालूच राहिले.

ज्यांचे पैसे गेले, ते बहुधा गप्प बसतात. मुले काय म्हणतील, लोक हसतील! या गप्प बसण्यातच चोराचा फायदा असतो, कारण तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जातात. तेव्हा लाज बाजूला ठेवून लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा. आणि रागाच्या भरात तो एसएमएस पुसून टाकू नका, तक्रार नोंदवताना तो लागतो.