हर्नसाहेबांचें उंच मेज

परक्या देशाच्या चालीरीती अंगवळणीं पडल्या, असें केव्हां म्हणावें? ग्रीसमधील लेफ्कादा बेटावर १८५० सालीं जन्मलेले लेखक लाफ्कादिओ हर्न १८९० सालीं जपानांत आले व मात्सुए येथें इंग्रजीचे शिक्षक झाले. शाळेंतून परततांच ते किमोनो घालीत, चटईवर बैठक मारीत. केवळ जपानी अन्न मात्र मानवेना. कांहीं महिन्यांनीं अंडींमांस पुन्हां सुरू करावें लागलें. शाळकरी वयांत एक डोळा गेलेला, दुसरा अधू. म्हणून लिहिण्याचें मेज मुद्दाम उंच करवून घेतलें. जपानी भाषाही कधीं नीट साधली नाहीं. पत्नी सेत्सु यांच्याशीं ते प्रत्यय गाळलेल्या, मोडक्या जपानींत बोलत. पण त्याच बोलींत ऐकलेल्या भुताखेतांच्या कथांतून १९०४ सालीं ‘क्वाइदान’ सिद्ध झालें.

पोशाख, अन्न, भाषा यांत ते असे अर्धेमुर्धेच जपानी झाले. परंतु आपल्यामागें बायकामुलांचा वारसाहक्क निर्वेध राहावा, म्हणून १८९६ सालीं त्यांनीं जपानी नागरिकत्व पत्करलें व सेत्सुंच्या घराण्याचें आडनांव लावून ते कोइझुमि याकुमो झाले. १९०४ सालीं तोक्योंत त्याच नांवानें त्यांचा अंत झाला. तें उंच मेज मात्सुएच्या स्मारक-संग्रहालयांत जपून ठेवलेलें आहे.