शिल्पकाराचे घर आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच. तेव्हा भाषण कसले, पाहिले तेवढे सांगते.

मागच्या हिवाळ्यात मुंबईला बहिणीकडे गेले होते. तिच्याबरोबर लाँचने मांडव्याला उतरून अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याला गेले. तिथे शिल्पकार नानासाहेब करमरकरांचे घर आहे.

नानासाहेब याच गावात १८९१ साली जन्मले. वडील गणपती करीत. मातीत हात तिथेच बसला. लहानपणी देवळाच्या भिंतीवर काढलेले त्यांचे शिवाजीमहाराजांचे चित्र रॉथफिल्ड नावाच्या कलेक्टरसाहेबांनी पाहिले आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखवली. पुढे पुण्याचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवला. तो १९२८ साली उभा राहिला. १९६७ साली नानासाहेब वारले.

ते जिथे राहिले, तिथेच आज त्यांची शंभराहून अधिक शिल्पे आहेत. मोठे राजे-पुढारी आहेतच, पण मला आवडली ती कोळीण आणि गावची साधी माणसे. अंगणात सिमेंटची म्हैस बसली आहे. तिच्यापुढे वैरण टाकावी, असेच वाटते! हे सारे त्यांच्या सूनबाईंनी वर्षानुवर्षे झाडून-पुसून सांभाळले, असे कळले आणि मी तिथेच गप्प झाले.

कारण सून मीही आहे. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांचा. माझे मामाजी पडवीत बसून गुंड मठारीत. पहाटे ठक्-ठक् ऐकूनच आम्ही उठायचो. ते गेल्यावर दिवाळीच्या सफाईत मी त्यांचे हातोडे आणि ऐरण मोडीत घातली. आलेल्या पैशांत स्टीलचे डबे घेतले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या. डबे अजून आहेत, पण तो ठक्-ठक् आवाज कसा होता, हे माझ्या नातीला मी कशाने दाखवू?

एक लहान हातोडी तेवढी उखळाआड राहून गेली होती. ती आज मी आणली आहे. दांडा मामाजींच्या मुठीने झिजलेला आहे.

भगिनींनो, प्रत्येक घराचे संग्रहालय होणार नाही. पण मंडळाचे एक कपाट तर आहे! आपापल्या घरची एकेक वस्तू आणा आणि ती कोणाच्या हातची, ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. घर झाडणारे हात आपले आहेत. काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हेही आपल्याच हातात आहे.

पहिली चिठ्ठी माझी.